मथुरा स्मृती केंद्राची हजेरी

१२ ऑक्टोबर, रविवार

मथुरा सत्यवान मुणगेकर, तुला जाऊन आज सहा महिने पूर्ण झाले. या काळात मी स्वतःला उत्तम प्रकारे सावरले आहे, हे प्रथम नोंदवतो. केवळ सायंकाळी चार ते सहा या वेळेत घर गरजेपेक्षा अधिक शांत असते. तू असताना याच वेळी आपल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गावातल्या म्हाताऱ्या आणि शाळेतून सुटलेली मुले जमत. मुले म्हाताऱ्यांना गोळ्यांची नावे आणि मोबाइलवरचे मेसेज वाचून दाखवीत. म्हाताऱ्या चिंचा फोडता फोडता मुलांना गोष्टी सांगत. उपक्रम स्तुत्य होता. परंतु त्याला घटना नव्हती, रजिस्टर नव्हते, वेळेचे बंधन नव्हते. तुझ्या पश्चात तो बंद पडला, यात नवल नाही.

तो मी रीतसर पुन्हा सुरू करीत आहे. कणकवलीच्या कॉलेजात एकतीस वर्षे ऑफिस सुपरिटेंडेंट होतो. वीस-पंचवीस माणसे एका खोलीत बसवणे मला अवघड नाही.

सरपंच योगिनीताईंनी बंद शाळेची एक खोली ३१ डिसेंबरपर्यंत दिली. पुढेही हवी असल्यास त्यांच्या पाहणीच्या दिवशी पंधरा जण हजर हवेत. नसल्यास खोली बचत गटाच्या पापडांना जाईल. पाहणीची तारीख मीच लेखी मागून घेतली: १२ डिसेंबर, दुपारी चार. दोन महिने आधी तारीख निश्चित करणारे या तालुक्यात फार नसावेत.

१३ ऑक्टोबर

नियम तयार. एकूण अकरा. नियम ३: प्रवेशअर्ज दोन पानी, फोटोसह. नियम ४: ज्येष्ठ डावीकडे, विद्यार्थी उजवीकडे, सर्वांनी बाकांवर बसावे. नियम ७: विषयांतर करू नये. नियम ९: चहा नाही. रजिस्टरवर डाग पडतात.

१४ ऑक्टोबर

पहिला दिवस. ज्येष्ठ ९, विद्यार्थी १४. उत्तम.

यमुनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरल्या. बाकाकडे बघून म्हणाल्या, भाऊनू, ह्येच्यार बसलंय तर माका उठवक क्रेन हाडूची लागतली. त्या जमिनीवर बसल्या. मग सगळेच जमिनीवर बसले. पहिला दिवस म्हणून दुर्लक्ष केले.

१५ ऑक्टोबर

यमुनाबाईंनी गोळ्यांची पट्टी आणली. सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती, असा प्रश्न. शंका-वहीत सोमवारपर्यंत नोंद करावी, गुरुवारी लेखी उत्तर मिळेल, असे सांगितले. त्या म्हणाल्या, गोळी आजची आसा, गुरवारपर्यंत मी रवतलंय काय? त्यांची नात संचिता (इयत्ता पाचवी) हिने पट्टी परस्पर वाचून सांगितली. दोघींनाही समज दिली.

२७ ऑक्टोबर

हजेरी ६. दिवाळीची सुट्टी. समजण्यासारखे.

६ नोव्हेंबर

हजेरी ४. भातकापणी. समजण्यासारखे.

११ नोव्हेंबर

हजेरी ३. चार वाजता होड्या लागतात, सगळे किनाऱ्यावर लिलावाला जातात, असे ग्रामपंचायतीचा शिपाई बाळा सांगतो. वेळ पाचची करा, असा त्याचा सल्ला. परंतु बोर्डावर चार रंगवून झाले आहेत. रंग ऑइलपेंट.

१९ नोव्हेंबर

हजेरी १. यमुनाबाई. मी त्यांना नियम पुन्हा वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले. जाताना म्हणाल्या, मथुरान कधी कोणाची सय घेतल्यान नाय. थंय गजाली होत. हंय नुसती सय. (सय म्हणजे सही. गजाली, म्हणजे गप्पा, हा नियम ७ चा भंग आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दिले.) मग आपण का येता, असे विचारले. तुमी एकटेच बसतास म्हणान, असे उत्तर मिळाले.

नियमितपणाची कदर करणारी किमान एक व्यक्ती गावात आहे.

२८ नोव्हेंबर

अनपेक्षित अडचण. देवाचा कौल झाला: ११ डिसेंबरला गावपळण. तीन रात्री गावात माणूस, गुरेढोरे, कोंबडी, कोणीही राहायचे नाही. सर्वांनी शिवेबाहेर झोपड्या घालून राहायचे. दर काही वर्षांनी हे होते, हे मला ठाऊक होते. तारीख मागताना विचारात घेतले नाही.

पाहणी १२ ला. गावपळण चार दिवस पुढे ढकलावी, असा विनंतीअर्ज देवस्थानाच्या नावे तयार केला. बाळाने तो दोनदा वाचला आणि विचारले, भाऊनू, देव ह्येच्यार आवक नंबर घालतलो काय? अर्ज तूर्त राखून ठेवला आहे.

१ डिसेंबर

योगिनीताईंना भेटलो. त्या दिवशी त्या स्वतःच झोपडीत असतील, तेव्हा पाहणी तिथेच करू, म्हणाल्या. पंधरा माणसं बसलेली दिसू देत, भाऊ, मी सही करते, खोली तुमची.

नीट विचार करता ही मोठीच सोय झाली. संपूर्ण गाव एका माळावर. कोणाला लिलाव नाही, कापणी नाही. पंधरा कशाला, शंभर होतील. मथुरा, खोली आपली झाली असे धरून चालण्यास हरकत नाही.

११ डिसेंबर

घर बंद करून निघालो. लोकांच्या टेम्पोत भांडी, अंथरुणे, कोंबड्या. माझ्याबरोबर फळा, रजिस्टर, घंटा, कोरे अर्ज. अंथरूण घरी राहिले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

३.४० वा. काजूच्या झाडाला फळा बांधला.

३.५० वा. यमुनाबाईंच्या झोपडीपुढे चटईवर माणसे बसलेली दिसली. मोजली. एक्केचाळीस. एक मुलगा एका आजोबांना पेपर वाचून दाखवीत होता. दोन मुली सुईत दोरा ओवून देत होत्या. यमुनाबाई बांगडा कसा साफ करावा ते शिकवीत होत्या. आणि संचिता गोष्ट सांगत होती: भुताच्या घरी मीठ मागायला गेलेल्या खलाशाची. ती तुझी गोष्ट. तुझ्यासारखीच मध्ये थांबत होती. सुरुवात मी शेकडो वेळा ऐकली आहे. त्यानंतर गलका वाढतो म्हणून मी आतून खिडकी लावून घेत असे; सबब खलाशाचे पुढे काय झाले, ते मला माहीत नाही.

चार वाजले. घंटा वाजवली. संचिता थांबली.

हजेरी घेण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या नावाला एक मुलगा पाणी आणायला उठला. सातव्या नावाला आजोबांना म्हैस आठवली. बाराव्या नावानंतर वर पाहिले तेव्हा चटईवर दोघे होते: यमुनाबाई, आणि झोपी गेलेले एक गृहस्थ.

योगिनीताई बाजूच्या झोपडीतून बराच वेळ पाहत असाव्यात. आल्या आणि पेन काढून म्हणाल्या, चाळीस मी डोळ्यांनी बघितली, भाऊ. लिहा चाळीस. हेच हवं होतं ना तुम्हाला?

मथुरा, मला ते लिहिता आले नाही. ती माणसे केंद्रात आलेली नव्हती. मी तिथे नव्हतो म्हणून ती बसली होती, आणि मी गेल्यावर उठली. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले. हजेरी दोन, पैकी एक निद्रिस्त. त्या म्हणाल्या, एवढं खरं कुणी विचारलं नव्हतं, भाऊ. पेनाला टोपण लावले.

यमुनाबाई म्हणाल्या, आता तरी बसा, चाय घेवा. रजिस्टर पूर्ण करून येतो, असे सांगितले. शेरा लिहिण्यास वीस मिनिटे लागली. गेलो तेव्हा पातेले विसळून पालथे घातले होते आणि सगळे भजनाला गेले होते. वाटेत संचिता भेटली. खलाशाचे काय झाले, असे तिला विचारले. ती म्हणाली, ती गजाल सगळ्यांबरोबर बसान ऐकूची लागता, आजोबानू. अशी मदीच नाय सांगूची.

१५ डिसेंबर

काल गावात परतलो. केंद्र वेळेवर उघडले. हजेरी ०. प्रवासाचा शीण. समजण्यासारखे.

१८ डिसेंबर

हजेरी ०. परतताना यमुनाबाईंच्या घरावरून येणे झाले. तो रस्ता लांबचा आहे, पण चालणे आरोग्यास चांगले. सगळे त्यांच्या खळ्यात जमतात. माळावरून आले ते तिथेच बसले, असे दिसते. हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. दोन्ही संस्थांच्या विलीनीकरणाचा मसुदा लिहिला. अटी चारच.

१९ डिसेंबर

मसुदा घेऊन गेलो. फाटकाशी खोकलो. बोलणे थांबले. सगळे उठून उभे राहिले. यमुनाबाईंनी आतून खुर्ची आणवली, तिच्यावर उशी ठेवली. मी बसलो. मग मुलांनी, कोणी न सांगता, सतराचा पाढा म्हणून दाखवला. बरोबर होता. तसे सांगून परतलो. मसुदा खिशातच राहिला.

२४ डिसेंबर

हजेरी ०. कारण लिहिलेले नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

बोर्ड उतरवला. बचत गटाच्या बायका बाहेर उभ्या होत्या. माझे आवरेपर्यंत आत आल्या नाहीत. कोरे अर्ज एकशे ऐंशी उरले. पापडांखाली घालायला चालतील का, असे त्यांनी संकोचाने विचारले. दिले.

बाळा आला. म्हणाला, भाऊनू, आता सांजच्या टायमाक काय करतल्यात? घरी पुष्कळ कामे तुंबली आहेत, असे सांगितले. खंयची, असे त्याने विचारले. यादी व्हायची आहे, म्हणालो.

५.१० वा. दार लावले. कुलूप ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या बाळाकडे परत दिल्या. पोच मागितली नाही.