नारायणगावचं मेहूण

मुलुंड (पूर्व),
माघातला दुसरा आठवडा, द्राक्षं स्वस्त व्हायच्या बेतात

ती. सौ. कुंदामावशीस,

नंदूचा साष्टांग नमस्कार, आणि काकांना त्याहून थोडा जास्त वाकून, कारण पुढे त्यांची गरज लागणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? आईचा तसाच आहे. दोघी बहिणींनी गुडघेदुखीसुद्धा एकाच वर्षी धरली याचं इथे सगळ्यांना कौतुक आहे. बाबा ठणठणीत. दोन्ही वेळच्या जेवणानंतर दोन-दोन चमचे द्राक्षासव घेतात आणि मग दारूने देशाची कशी वाट लावली यावर बोलतात. उत्तरा बरी आहे. मुलं वाढताहेत, घर तेवढंच आहे.

तुला आठवत असेल, दिवाळीनंतर मी कंपनीच्या कामाने तुमच्या नारायणगावला आलो होतो आणि तुझ्याकडे जेवलो होतो. (एवढे वेलदोडे का चघळतोस, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आता देतो.) आमच्या अंधेरीच्या कंपनीने तिथल्या एका वाईनच्या कारखान्याला स्टीलच्या टाक्या करून दिल्या होत्या आणि त्या गळत नाहीत ना हे बघायला मला पाठवलं होतं. गळत नव्हत्या. त्या आनंदात तिथल्या मॅनेजरने मला अर्धा ग्लास वाईन दिली. नाही म्हणणं म्हणजे आपल्याच टाकीवर अविश्वास दाखवणं, म्हणून प्यालो. घरी येऊन उत्तराला सांगून टाकलं. वाटलं होतं, रागावेल. तिने विचारलं, कशी लागते? मी म्हटलं, आंबट. एवढंच? मी म्हटलं, जराशी तुरटही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतक्या निराशेने कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, मला घेऊन चल. दोघंच जाऊ, शनिवारी निघू, रविवारी परत येऊ. द्राक्षांच्या बागा बघू, एक ग्लास मी घेईन आणि कशी लागते ते मी तुला सांगेन.

आमच्या दीड खोल्यांत सहा माणसं राहतात हे तू पाहिलं आहेस. आम्ही नवरा-बायको खासगी बोलायचं झालं तर रेशनच्या रांगेत बोलतो. (रांग लांब असली की बरं वाटतं.) लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हाही बाबांचे एक स्नेही तिथे राहत होते म्हणून हॉटेलचा खर्च वाचवून त्यांच्याकडे उतरलो, आणि ते स्नेही रोज आम्हाला सूर्यास्त दाखवायला बरोबर यायचे. त्यामुळे उत्तराचं मागणं मला काही फार वाटलं नाही. खरं सांगतो मावशी, मलाही ते दोन दिवस हवे होते, वाईन असो की नसो.

चूक झाली ती पुढे. रात्री जेवताना मी म्हणालो की उत्तरा आणि मी जरा नारायणगावला जाऊन येतो. आता आमच्या घरातलं माणूस कारणाशिवाय गाव सोडत नाही आणि कारणं तीनच: लग्न, मयत आणि देव. आईने हातातला घास खाली ठेवून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, सहज. 'सहज' ऐकून बाबांना वाटलं माझी नोकरी गेली. (ते उठून पंखा बंद करून आले. काटकसर तिथून सुरू झाली.) दोघांचे चेहरे बघून मी गडबडलो आणि उरलेलं तिसरं कारण पुढे केलं. म्हटलं, ओझर आणि लेण्याद्री तिथून जवळ आहेत, दर्शन घेऊन येऊ. झालं! गणपतीचं नाव निघाल्यावर घरातल्या कोणाला मागे ठेवता येत नाही. दोघांचे सहा झाले, आणि उत्तराने मला आणखी आमटी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध केंद्रावर बाबांनी ही बातमी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांना दिली. श्यामसुंदर हा असा गृहस्थ आहे की त्याला कोणाचंही काहीही एकट्याने चाललेलं बघवत नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो तर जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं: ओझर-लेण्याद्री यात्रा, स्पेशल बस, ओझरला धर्मशाळेत मुक्काम, संयोजक नंदकिशोर. संयोजक म्हणजे मी. दिवस नेमका संकष्टीचा शनिवार, म्हणजे चंद्र दिसेपर्यंत सगळ्या बसला उपास. बायकोला एक ग्लास वाईन पाजायला निघालेला माणूस सध्या साबुदाणा किती लागेल याची चौकशी करत हिंडतो आहे. पुढे श्यामसुंदरना कुठूनसं कळलं की द्राक्षाच्या एका कारखान्यात माझी ओळख आहे. त्यांनी फळ्यावर भर घातली: 'द्राक्षरसाचा कारखाना पाहणे, रस फुकट.' ते वाचून बाबांनी ठरवलं की तिथे द्राक्षासव ताजं मिळत असणार, आणि त्यांनी आपली रिकामी बाटली धुऊन खिडकीत वाळत ठेवली. दाढी करताना ती रोज माझ्यासमोर असते. उत्तरा ती उचलून खालची खिडकी पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते. काल रेशनच्या रांगेतही ती फक्त साखरेबद्दल बोलली. हे मात्र मला लागलं.

असो. बाकी इकडे सर्व क्षेम. काकांची बाग यंदा भरून येवो. पत्राचं उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल.

तुझा,
नंदू

ता. क. सवडीने नको, लगेच दे. मुख्य गोष्ट राहूनच गेली. बाबांच्या नावे एक कार्ड टाक की काकांनी नवस केला होता, तो फेडायला मेहूण जेवू घालायचं आहे, तरी नंदू आणि उत्तराला पाठवावं, शनिवारीच मुक्कामाला यावं. मेहूण म्हणजे नवरा-बायको, त्यात तिसरं माणूस बसत नाही हे बाबांनाही मान्य करावं लागेल. नवस कशाचा ते काकांनी ठरवावं. तुझ्या गुडघ्याचा असला तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचं लिहून मी उत्तराला हळूच सांगितलं आणि ते गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आईने ऐकलं. (दीड खोल्यांत कुजबुज करणं म्हणजे दवंडी पिटणंच.) मला वाटलं, आता भांडण. ती मान वर न करता म्हणाली, "मोठी बहीण मी. मेहूण म्हणून कुंदा मला का नाही रे बोलवत? देवाला जायचं तर सगळं घर बरोबर, लग्नाला जायचं तर पंगती वेगळ्या. तुझे बाबा आणि मी दोघंच असे कुठे गेलोच नाही." आणि पुन्हा खडे काढायला लागली. मावशी, माझ्या डोक्यात हे इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

तेव्हा कार्डावर आई-बाबांना बोलाव. ते दोघं शनिवारी एस. टी.ने येतील. मुलं बसमधून श्यामसुंदरांच्या बायकोबरोबर यात्रेला जातील. संयोजकाला ऐन वेळी ताप येईल आणि त्याच्या उशाशी बसायला बायको लागेल. दाराची आतली कडी आज बघितली. कधी लागतच नसल्याने गंजली होती. तेल घातलं आहे.

ता. क. शेवटचा. बाबा बाटली घेऊन येतीलच. काकांनी ती त्या कारखान्यातून गुपचूप भरून आणावी आणि ताजं आसव म्हणून हातात द्यावी. वाटेत त्यांनी दोन चमचे घेतले तर घेऊ देत, आईलाही द्यायला सांग. उत्तराने आत्ता हे सगळं वाचलं. ती म्हणते, बाटली रिकामी आली तरी चालेल, मेहूण मात्र सोमवारपर्यंत ठेवून घ्या.