भगवानच्या चित्रामागची खिडकी

सदू, हा कागद तू एकदा वाचून कुठेतरी ठेवशील आणि मग घरभर शोधत बसशील, म्हणून वैजयंतीसमोर मोठ्याने वाच. तुझी लेक लक्षात ठेवील. तुला कालची भाजी आठवत नाही.

मी पुतळाबाई जोमा मढवी, राहणार तुर्भे गावठाण. वय गुरुजी लिहितील ते. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, धाक नाही. अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि कमळाकर गुरुजी लिहितात. मध्येच त्यांनी माझं बोलणं सभ्य केलं होतं, ते मी पुन्हा मोडायला लावलं.

घर सदूचे. त्याच्या पश्चात वैजयंतीचे. मिठागरातले फावडेही त्याचेच. मिठागर गेले, फावडे चांगले आहे. पाटा-वरवंटा सून मीनाला. तिला मिक्सर हवा आहे. लाइट गेली तरी पाटा चालतो, हे तिने एकदा कबूल करावे. माझे हातातले गोठ वैजयंतीला. तांब्याचा हंडा माझ्या जावेला, सुंदराबाईला, देऊ नये. माझ्या लग्नापासून ती तो मागते आहे. न मिळण्याची तिला सवय झाली आहे, ती मोडू नये.

आता भिंत.

रस्त्याकडची भिंत घराचीच आहे, पण माझ्या ताब्यात नाही. नव्या शहरासाठी चाललेली मोजणी अडवायला आमचा गाव शेतात उतरला, तेव्हा माझा धाकटा भगवान ट्रकखाली गेला. वर्षश्राद्धाला गावच्या पोरांनी भिंतीवर तो मोर्चा रंगवला. कोयते उगारलेल्या बाया, मागे खाडी, मध्ये माणसाहून मोठा भगवान. रस्त्यापलीकडे सेक्टरच्या बिल्डिंगी. आपण कोणाच्या शेतावर चहा पितो हे तिथल्या लोकांना रोज सकाळी दिसावे, असा बेत. मलाही पटला. पण भगवानचे डोके नेमके माझ्या खिडकीवर आले. पोरांनी खिडकी विटांनी बुजवली. मी आत चुलीपाशी होते. अंधार झाला तेव्हा कळले.

भगवानचा फोटो नव्हता. दिलीप पेंटरने सदूला स्टुलावर बसवले आणि त्याच्यावरून चेहरा काढला, मिशीसकट. भगवानला मिशी नव्हती. त्याचे नाक माझ्यासारखे बसके, सदूचे बापासारखे. मी सांगितले, हा माझा भगवान नव्हे.

"आजी, लांबून कोन वळखतो," दिलीप म्हणाला.

खरेच कोणी ओळखले नाही. पुढे गाव फुटला. भरपाई घेतलेले एका पक्षात, न घेतलेले दुसऱ्यात. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, पण भगवान दोघांनाही हवा. पुण्यतिथीला एक पक्ष सकाळी हार घालतो; संध्याकाळी दुसरा तो काढून आपला घालतो. सदू दोन्ही वेळा खाली उभा राहून स्वतःच्याच तोंडावर हार चढताना बघतो. न्हावा शेवाला बंदरावर त्याला काम मिळत होते, राहायला खोलीसुद्धा. दोन्हीकडचे लोक येऊन बसले. भगवानच्या घराला कुलूप दिसता कामा नये म्हणाले. गाव फुटल्यापासून तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचे जमले. एकदा सदूने मिशी काढली, तर टपरीवर त्याला ऐकवले की तू हुतात्म्याचा अपमान केलास. त्याने गुपचूप परत वाढवली. गुरुजी म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवा.

मी त्या विटांकडे पाठ करून जेवते. वाईट एवढेच, की भगवानला आठवायला डोळे मिटले की आता मिशीवालाच येतो.

जितेपणी विटांना हात लावला तर एक पक्ष मला फितूर म्हणेल, दुसरा वेडी. आणि सदूला तोवर त्यांच्यातच राहणे भाग आहे. म्हणून मी गेल्यावर पुढीलप्रमाणे करावे.

माझ्या दहाव्याला सदूचे डोके आणि मिशी उतरेल. आई गेल्यावर ते करावेच लागते, कोणताही पक्ष आडवा येऊ शकत नाही. खाडीवरून तो तुळतुळीत परत येईल, त्याच दिवशी त्याने पहार घेऊन विटा काढाव्या. तोंड तेवढे जाईल. बाया, कोयते, खाडी आणि खाली लिहिलेले भगवानचे नाव राहू द्यावे. त्यावर कोणी चुना फिरवू नये, ते खरे आहे. नवी खिडकी बिनगजाची करावी. सदूने मिशी पुन्हा ठेवू नये. बंदरावर अजून काम असेल तर बायकापोरीला घेऊन जावे, घराला कुलूप लावावे आणि किल्ली गावात कोणाकडेही ठेवू नये.

भगवान बसक्या नाकाचा होता आणि हसताना तोंडावर हात धरायचा. हे कागदावर राहावे.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

पुतळाबाई जोमा मढवी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. यशोदाबाई, शेजारीण (अंगठा)
२. श्यामसुंदर प्रधान, रस्त्यापलीकडचे, मुद्दाम बोलावलेले (सही)
लिहून घेणार: कमळाकर गुरुजी (सही)
तुर्भे, ता. ४ फेब्रुवारी १९८७

अंगठा उठवल्यावर सुचले, तेही लिहा. विटा पडल्या की दोन्ही पक्ष रस्त्यात येऊन बसतील. मीना, त्यांच्याशी तोंड लावू नकोस. सुतकाच्या घरचे नको म्हणतील, म्हणून यशोदाबाईच्या चुलीवर वालाचे बिरडे आणि तांदळाच्या भाकऱ्या करून घे. दोघांनाही एकाच टोपातले वाढ. दाराने वळसा घालू नकोस, खिडकीतूनच दे.