साक्षीदाराची काच

२५ एप्रिल
लागले एकदाची कामाला! स्फाक्समधली ही प्रयोगशाळा एवढीशी, पण खिडकीतून बंदर दिसतं. किडनीच्या कॅन्सरचे तुकडे येतात. त्यात एक जीन तुटून भलतीकडेच जोडला गेलाय का, हे मी सूक्ष्मदर्शकातून शोधायचं. लाल आणि हिरवा ठिपका चिकटून असले तर ठीक. लांब गेले, तर तुटला. शेजारी रोज निरोगी किडनीच्या कापाची एक काच लावायची, तिला इथे ‘साक्षीदार’ म्हणतात. साक्षीदार बिघडला की दिवसभराचं काम पाण्यात. लल्ला तुरकिया इथली सगळ्यात जुनी. म्हणाली, ट्यूनिसला शिकलीस ना, मग आधी हात धू. मला आवडली बाई.

घरी ईदचं शरमूला, कांदा-मनुकांचं कालवण, अजून पुरतंय. माझ्या भावाने, वजदीने, माझ्या वाटच्या मनुका पळवल्या. म्हटलं, चार वर्षांपूर्वी किडनी घेतलीस, आता मनुकाही घे मेल्या!

२ मे
साक्षीदाराच्या एका पेशीत ठिपके लांब दिसले. लल्ला म्हणाली, काप काढताना पातं लागलं असेल, एवढ्याने आभाळ कोसळत नाही. खरंय.

५ मे
आज बऱ्याच पेशींत. नवा रंग घेतला, मेणाच्या ठोकळ्यातून नवा काप काढला. आणखी जास्त! मेणातलं मांस मेलेलं असतं, ते बदलूच शकत नाही. लल्लाने आधी माझ्या डोळ्यांना नावं ठेवली. मग स्वतः पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

६ मे
ठोकळा कुणाचा, विचारलं. साक्षीदाराचं नाव खरवडून टाकायची इथली रीत, त्यामुळे नाव लल्लालाही ठाऊक नाही. पण तुकडा आला तो रमजान तिला आठवतो. एका बहिणीने भावाला किडनी दिली. बसवताना डॉक्टरांनी चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला, तो इतका स्वच्छ की ठेवूनच घेतला. आणि त्यांची आई, वेडी बाई, दिवस मावळल्यावर सगळ्या इस्पितळाला खजूर वाटत होती.

ती माझी उम्मी. तुकडा माझा आहे. ती किडनी वजदीच्या पोटात आहे.

९ मे
वजदीच्या लघवीत रक्त. तपासणीत गाठ दिसली. तो म्हणतो, तुझ्या किडनीला माहेरची आठवण येतेय. कुणी हसलं नाही. मला फार भीती वाटतेय.

१२ मे
त्याच्या गाठीचा तुकडा उद्या माझ्याकडेच येणार. साक्षीदारात आता एकही पेशी धड नाही. संध्याकाळी चुलीपाशी मोठ्याने म्हणाले, या अल्लाह, त्याचं काय असेल ते मला दे. उम्मीने माझ्या तोंडावर हात ठेवला. असं बोलू नये पोरी, ऐकणारा ऐकतो. मी हात काढून पुन्हा म्हटलं.

१३ मे
वजदीची काच — जोड्या चिकटलेल्या. सगळ्या! डॉक्टर म्हणतात कॅन्सर नाहीच, नुसती सूज. लल्लाने भर प्रयोगशाळेत लग्नघरासारखी जीभ वळवून आरोळी ठोकली. मी रडले.

मग साक्षीदार पाहिला. तोही स्वच्छ. कालची काच काढली, परवाची काढली — एकही तुटलेला नाही.

मग ते गेलं कुठे?

१५ मे
पाठ दुखतेय. उजवीकडे. उम्मी विचारते, जेवत का नाहीस. काय सांगू —

१६ मे
लाल. पाणी सोडलं, पुन्हा — लाल.

वजदी दार वाजवतोय. बरणीतलं शेवटचं शरमूला आहे, माझ्यासाठी मनुका राखून ठेवल्यात म्हणे. हसतोय. माझ्याकडे किडनी एकच उरलीय — या अल्लाह, म्हणाले होते मी, दोनदा म्हणाले, पण मला वाटलं नव्हतं तू खरंच ऐक—