बाबांची बोट पाण्यात उतरवताना

१२ ऑक्टोबर
बाबांच्या मागे त्यांची बोट ‘किटी’ माझी की धाकट्या बहिणीची, हा वाद आज जेवताना मिटला. एक नोव्हेंबरला शिडाच्या बोटींची मोसमातली पहिली शर्यत. किटीला मी वेळेवर स्टार्टलाइनला आणलं तर ती माझी, नाहीतर बेरिलची. बिचारी बेरिल! आत्तापासूनच तिची दया येतेय.

१३ ऑक्टोबर
बोट उलटी करून पाहिली. ट्रेलरच्या रोलरवर घासून तळाच्या कण्याला ही एवढी खाच. लाकूडही कुजलंय. दोष ट्रेलरचा. नोरीन म्हणाली, दर रविवारी ट्रेलरवरून गावभर मिरवतोस, पाण्यात कधी घालतोस? बायकोचं मत मी विचारलं नव्हतं.
संकल्प: उद्यापासून रोज काम.

१७ ऑक्टोबर
टीव्हीवर क्रिकेट होतं.

२३ ऑक्टोबर, सकाळी
कुजकं लाकूड कापलं. चांगलंही बरंच निघालं. हरकत नाही, मोठा तुकडा जास्त मजबूत. शेडमध्ये ह्यूऑन पाइनची, म्हणजे पाण्यात न कुजणाऱ्या लाकडाची, सुरेख फळी सापडली. नोरीन म्हणते, तो माझा पाव कापायचा पाट आहे. होता.

२८ ऑक्टोबर
तुकडा चिकटवला, रंधा मारला, वर पितळी पट्टी ठोकली. एक स्क्रू वाकडा गेला, पण पाण्याखाली कोण बघतंय?
बेरिल येऊन गेली. म्हणाली, काम झकास झालंय रे ऑल्विन, पण व्हार्निश कधी लावणार? या दमट हवेत वाळायला आठवडा तरी जाईल.
जळते मेली.

३१ ऑक्टोबर
व्हार्निशचे दोन जाड हात, एकावर एक. आता कायमचा बंदोबस्त: रोलर काढून टाकले, ट्रेलरवर फळी टाकून तिला दिवाणखान्यातलं फुलाफुलांचं कार्पेट ठोकलं. व्हार्निश माझ्या बोटाला लागलं, पण अगदी थोडं. किटी त्यावर ठेवून पट्ट्यांनी करकचून आवळली. आता घासून दाखव म्हणावं!

१ नोव्हेंबर
ट्रेलर पाण्यात नेला, पट्ट्या सोडल्या. बोट ढिम्म. मी ढकललं, नोरीनने ढकललं. मग अख्खा क्लब हातातले शिंपल्यांचे पॅटिस खाली ठेवून ढकलायला आला. व्हार्निशने कार्पेट गच्च धरलं होतं. तेवढ्यात शर्यतीची बंदूक वाजली.
शेवटी बेरिल कंबरभर पाण्यात शिरली आणि क्लबच्या स्वयंपाकघरातल्या सुरीने कार्पेट कापू लागली. म्हणाली, रडतोस काय, ढकल! मी रडत नव्हतो. खारं पाणी उडालं होतं.
किटी सुटली. बेरिल उडी मारून चढली, शीड भरलं, आणि कण्याला चिकटलेल्या फुलांसकट बोट काय सुरेख पळाली! बाबा असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. मला फार वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर
किटी आता तुझी, तर ट्रेलरही न्यायला ये, असा बेरिलला निरोप दिला. नको म्हणाली. किटी मोसमभर धक्क्यापाशी पाण्यातच राहणार, म्हणजे कणा घासायचा प्रश्नच नाही.
हा उपाय माझ्याही डोक्यात होता. लिहून ठेवायचा राहिला.