अभिमन आगवाल्याची घागर

साक्री,
८ जानेवारी १९८८

चि. रुपचंद यास अक्काचा आशीर्वाद. इकडची खुशाली अर्धीच आहे, म्हणून पत्र.

आईला माझ्याकडे आणलं, पण डॉक्टरने मान हलवली. परवा पुनाकाका बघायला आला आणि खाटेशी उभा राहून म्हणाला, की वहिनीला नेताना हिरवं नेसवायचं की पांढरं ते आत्ताच ठरवा, मागून भाऊबंदांत वाद नको. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण प्रश्न खोटा नाही. बाप लढाईच्या नोकरीवर गेला तेव्हा तू पोटात होतास. तेव्हापासून आई त्याच्या नावाचं कुंकू लावते. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाणी म्हणून आपल्या घरी आजाची घागर भरतात, पणजाची भरतात, बापाची नाही, कारण तो यायचाय. मेला असेल तर एवढी वर्षं माणूस तहानलेला आहे.

जळगावात बठ्ठी हपिसं आहेत, एकही बाकी नाही. डाळमिलसाठी दिवसभर लिहितोस, एक अर्ज बापासाठी लिही. आखाजीच्या आत मला कळलं पाहिजे. लोभ मागून ठेव, आधी काम कर.

तुझी अक्का,
मंदा


जळगाव,
२ फेब्रुवारी १९८८

ती. स्व. मंदाअक्कास सा. न. वि. वि.

माजी सैनिकांच्या कार्यालयात खेपा घालून झाल्या. बाबांचं नाव कुठल्याच पलटणीत नाही. शेवटी तिथल्या एका वयस्कर सुभेदारांनी विचारलं, की त्यांची पत्रं कुठून येत. एकदोन आली ती मुंबई बंदरातून, असं आई सांगायची, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, की मग तुमचे वडील शिपाई नव्हतेच, आगबोटीवर कामाला असतील. आपल्या गावात लढाईच्या नोकरीला कोणीही गेला की पलटणीत गेला म्हणत. त्या एका बोलण्यावर आपण सगळी वर्षं चुकीचं दार ठोठावलं. शिवाय साक्री तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणून कागद असलेच तर धुळ्याला. रजा मागितली आहे. आईपाशी अजून बोलू नकोस.

मुलांचा नमस्कार. माया आहे तशी राहू दे, रागही थोडा आवर.

रुपचंद


साक्री,
१० फेब्रुवारी १९८८

चि. रुपचंद यास आशीर्वाद.

रजा मागितली हे काय कळवतोस, धुळ्याला गेलो हे कळव. आईचा हात थरथरतो, आता कुंकू मीच लावते. लावताना रोज मनात येतं, की मी हे कोणाच्या नावाचं लावतेय. बाकी ठीक.

मंदा


धुळे,
३ मार्च १९८८

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

घरी पोचेपर्यंत धीर निघेना, म्हणून स्टँडवर बसूनच लिहितो. जुन्या दप्तरात अर्धं वाळवीचं, अर्धं वाचण्यासारखं. बाबा कोळसा नेणाऱ्या बोटीवर आगवाले होते, म्हणजे तळाला भट्टीत कोळसा टाकणारे. १९४३ च्या पावसाळ्यात एडनच्या वाटेवर बोटीला टॉर्पेडो लागला आणि ती बुडाली. बाबांच्या नावापुढे मेला असं नाही, सापडला नाही असं आहे. म्हणजे आपण होतो तिथेच. पण त्याच बोटीवरचा सोनगीरचा झुलाल नावाचा आगवाला वाचलेला आहे.

सोनगीर इथून जवळ, पण खरं सांगतो, मला जायचा धीर होत नाही. तू जा. आणि सबुरीने विचार, फौजदारासारखी नको.

तुझा,
रुपचंद


साक्री,
२१ मार्च १९८८

चि. रुपचंद यास आशीर्वाद.

जाऊन आले. झुलालनाना जिवंत शे, किल्ल्याखालच्या आळीत. कोणाची पोर ते सांगितल्यावर त्याने सुनेला पाणी आणायला लावलं आणि मला आधी ते पिऊ दिलं. मग सांगितलं. त्या वेळी पाळी बापाची होती, नाना वर हवा खायला आलेला. तडाखा भट्टीच्याच अंगाला बसला. वर यायला एकच शिडी, ती वाकली. आतल्यांचे आवाज वर ऐकू येत होते. मग नुसत्या वाफेचा. मग काही नाही. नानाच्या डोळ्यांदेखत बोट खाली गेली. सापडला नाही हे हपिसाचं लिहिणं. बाप मेला.

मी त्याला म्हटलं, नाना, एवढ्या जवळ राहून आमच्या दारात येऊन सांगायला तुमचे पाय मोडले होते का. तो म्हणाला, पोरी, लढाई संपल्यावर पहिला तुमच्याच दारात आलो. तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि घास उचलायच्या आत शपथ घातली, की गावात बोलायचं नाही.

घरी आल्या पावली मी आईला विचारलं. दुखणाईत आहे की नाही, काही बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून होती, तशीच बोलली. नवरा यायचाय म्हणून सासऱ्याने घरात ठेवलं होतं. मेला म्हटलं असतं तर पुनाकाकाशी तिचा पाट लावायचं चाललं होतं, आणि नको म्हटली असती तर आपल्या दोघांना ठेवून घेऊन तिला माहेरी धाडलं असतं. मी म्हटलं, मग बापाच्या पाण्याचं काय. तर म्हणाली, तो पानीम्हा गया, त्याले पानीनी काय कमी. तुमले भाकरनी कमी व्हती.

मला राग येतो आणि काढायला माणूस सापडत नाही. काय करायचं ते लिही, लवकर.

मंदा


जळगाव,
२ एप्रिल १९८८

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

काकाला खरं सांगितलं तर आईचं हिरवं लुगडं जातं. नाही सांगितलं तर बाबांची घागर जाते. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. मला ठरवता येत नाही, तू ठरवशील ते करीन.

रुपचंद


साक्री,
११ एप्रिल १९८८

चि. रुपचंद यास आशीर्वाद.

ठरवलं. काकाला मी सांगितलं, की धुळ्याच्या कागदात काही निघालं नाही, बाप येणार आहे, आणि आईला हिरवंच नेसवायचं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पण बघत राहिले. शेवटी तोच उठला. आईने ते ऐकलं आणि कुंकवासाठी कपाळ माझ्यापुढे केलं. डॉक्टर म्हणतो, आखाजी पाहील, पुढचं सांगता येत नाही.

घागर तू जळगावला भर. कुंभाराकडची नवी आण, वाळा घाल, वर डांगर ठेव, खरबूज हं, भोपळा नको, आणि तुझ्या बायकोला पुरणपोळी करायला सांग. तिथं आपला भाऊबंद कोणी नाही, म्हणून विचारणारही कोणी नाही. मला येता यायचं नाही, आईजवळ माणूस लागतं.

पाणी सोडताना अभिमन हे बापाचं नाव मोठ्याने घे. तुला पुटपुटायची सवय आहे, तसं करू नकोस. माणूस लांब आहे आणि फार खोल आहे.

अक्का