नेटवर्कने साहेबांना गप्प केलं त्याबद्दल

ती. मावशीस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे पाऊणच समज). तुझे गुडघे काय म्हणतात?

इकडे माझी नोकरी जाता जाता राहिली. आम्ही उद्याचं इंटरनेट घडवतोय, हे तुला सांगितलंच होतं. म्हणजे असं नेटवर्क, की बिघाड झाला तर त्याने आपणच शोधायचा, आपणच दुरुस्त करायचा, आणि फालतू वाहतूकही आपणच अडवायची. (तू म्हणालीस, 'म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखं.' अगदी तसंच, फक्त हे भांडी आपटत नाही.)

तर सोमवारी ते आमच्या ऑफिसात चालू केलं आणि मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बसून उद्घाटनाचं ऑनलाइन भाषण ठोकलं. नेटवर्कने पाहिलं, की ऐकणाऱ्या एकूण एक माणसाने आवाज बंद केलाय आणि हिशेबवाल्या बाई तर ऑनलाइन पडद्यांचं कापड निवडताहेत. त्याने विचार केला (विचार करायला मीच शिकवलं, हात मोडोत माझे), हे कुणालाच नकोय. झालं! भाषण बंद, सगळा वेग पडद्यांना.

साहेब आपले बोलतच होते आणि कुणाला पत्ता नाही! शेवटी "काही शंका?" विचारून ते थांबले, कुणी हूं की चूं करेना, तेव्हा बाहेर आले.

"कसं झालं भाषण?"

"अप्रतिम!" आम्ही सगळे एका सुरात.

नेमका तेव्हाच भिंतीवरच्या स्क्रीनवर नेटवर्कने आपण होऊन अहवाल झळकवला: 'अनावश्यक भाषण थांबवले. श्रोत्यांची तक्रार नाही.'

साहेबांनी मला आत बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून सहीसुद्धा ठोकली. पण साहेब दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "हे फोनवर चालतं का रे?"

"चालेल की. का, साहेब?"

"सासरे रोज फोन करतात."

तेव्हा नोकरी शाबूत आहे, काळजी नसावी.

तुझा भाचा

ता. क. : मागे तुझ्याकडे राहिलो होतो, तेव्हा टीव्हीमागे 'शोभेचा दिवा' म्हणून मी लावलेली हिरवी डबी म्हणजे हेच नेटवर्क आहे. कृपा करून काढू नकोस, घरगुती चाचणीला मला दुसरं कुणी दारात उभं करत नाही.

ता. ता. क. : तुझा आणि आईचा फोन हल्ली लागल्या लागल्या कटतो, त्याच्याशी माझा काडीचा संबंध नाही, असं मी आईला शपथेवर सांगितलंय. तूही तसंच सांग. दोघी एकदमच बोलतात आणि ऐकत कुणीच नाही, हे नेटवर्कचं मत आहे, माझं नाही.