आधी नव्हता, आता आहे

५ जानेवारी
पोचले एकदाची! निघताना दादाने टोमणा मारलाच: अकलेचे तारे तोडतेसच, आता आकाशातले तोड. आत्याने दारातच माझ्या डोळ्यांचा अगदी जवळून फोटो काढला. म्हणाली, असू दे, पुढे लागतो. गच्चीवर पत्र्याचा घुमट, आत तिची दुर्बीण. दूरच्या दीर्घिकांमध्ये फुटलेले चार तारे जगात सगळ्यांत आधी तिने पाहिलेत. जिन्यात त्यांचे फोटो टांगलेत: तपकिरी, रेषारेषांच्या चकत्या आणि प्रत्येकीत एक पांढरा ठिपका. मला असा एक तरी हवाच. नोकरी सोडून आलेय, रिकाम्या हाताने परतले तर दादा जन्मभर ऐकवेल.

७ जानेवारी
काम सोपं आहे. दीर्घिकेचा जुना आणि नवा फोटो पडद्यावर आळीपाळीने बघायचा. जुन्यात नसलेला ठिपका नव्यात दिसला, की तारा फुटला. आत्या जपासारखी पुटपुटते, "आधी नव्हता, आता आहे."
घाण मात्र विचारू नये. दुर्बिणीचा नेम धरायला जिथे डोळा लावतात, तिथली रबराची कडी पिवळट आणि बुळबुळीत. आत्या तिच्यावर थुंकते आणि बाहीने पुसते. शी! मागच्या खोलीत आतोबा दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलेले असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं म्हणे. त्यांच्या उशीवर पू वाळलाय. मला जेवण गेलं नाही.

१० जानेवारी
कडी साबणाने घासली. संध्याकाळी पुन्हा ओली, नासक्या अंड्याचा वास. आज डोळा लावला तर चिकटलाच, सोडवताना पचकन आवाज झाला. पण तारा हवा तर नाक मुरडून कसं चालेल?

१३ जानेवारी
सापडला! दीर्घिकेच्या कडेला, ठसठशीत. शोध कळवण्याआधी दुसऱ्या दुर्बिणीतून खात्री करायची रीत आहे. ते काम आत्याचा मित्र, गावातला चष्मेवाला करतो. त्याचा फोन आला: तिथे काहीच नाही, काच पुसा.

१४ जानेवारी
दुसऱ्या दीर्घिकेतही तोच ठिपका. मग भिंतीवर. चहात. भातावर.
म्हणजे माझ्या डोळ्यातच. आत्याला सांगितलं. घाबरेल वाटलं होतं, तर खूश झाली. उद्या डॉक्टरकडे नेते म्हणाली.

१६ जानेवारी
नेलं नाही. दाराला कुलूप. फोनही तिच्याकडे.
पापणीतून पांढरा दोरा निघतो, ओला. ओढला की आणखी येतो. वास तोच. ओकारी झाली.
आतोबांकडे धावले. त्यांनी माझा चेहरा चाचपला, बोटं पुसली आणि विचारलं, "तुझाही फोटो काढला का गं तिने?"

१७ जानेवारी
जिन्यातले फोटो एका डोळ्याने जवळून पाहिले — त्या दीर्घिका नाहीत. बुबुळं आहेत. दोन आतोबांची असणार. बाकीची दोन कुणाची —
शेजारी पाचवा, रिकामा खिळा ठोकलाय.

१८
आत्या कॅमेरा घेऊन समोर. मी आले त्या दिवशीचा फोटो, आजचा फोटो. जुना, नवा. जुना, नवा. उघडा ठेव म्हणते, आता फुटेल —
ठिपका फार उजळलाय. आत काहीतरी वळवळतंय, कोमट, गालावरून खाली —
ती हसतेय. आधी नव्हता, आता —